फाटक आधी, सिग्नल मग

प्रश्न : गाडीचा पत्ता नसतो आणि आमच्याकडचं रेल्वे फाटक पडलेलं असतं. परदेशात गाडी जवळ आली की ते आपोआप पडतं म्हणे. आपल्याकडे का नाही? (एक वाचक, परभणी)

उत्तर : आपल्याकडे फाटक गेटमनच पाडतो, आपोआप काही होत असेल तर ते सिग्नल अडवून धरण्याचं काम. इंटरलॉक, म्हणजे सिग्नलशी कुलुपाने जोडलेल्या फाटकावर दोन्ही बूम (आडवे दांडे) खाली येऊन कुलुपात बसले, तरच गेट सिग्नल, म्हणजे गाडीला फाटक ओलांडू देणारा सिग्नल, देता येतो. बूमखाली कुणाची मोटारसायकल अडकली आणि तो चार बोटं वर राहिला, की सिग्नल लालच. उलट, सिग्नल दिलेला असताना फाटक उघडत नाही. गेटमनशी हुज्जत घालून उपयोग नसतो तो यामुळे.

आता वेळेचं. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी मिनिटाला १.८ किलोमीटर कापते, आणि थांबायला तिला किलोमीटरभर लागू शकतो. म्हणून गेट सिग्नलच्या अलीकडचा, त्याची आगाऊ सूचना देणारा डिस्टंट सिग्नल लोको पायलटला (गाडीच्या चालकाला) दिसण्याआधीच फाटक बंद हवं. नाहीतर तो पिवळा बघून वेग कमी करतो. ट्रकने बूम वाकवला तरी हेच. गेट सिग्नल लालच राहिला, तर गाडी त्याच्या ‘जी’ अक्षराची पिवळी चकती असलेल्या खांबापाशी दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबते, शिट्टी देते आणि गेटमनचा हातसिग्नल बघून सावकाश फाटक ओलांडते.

ब्रिटनमधल्या स्वयंचलित अर्ध्या फाटकांवर इशाऱ्याचे दिवे लागल्यापासून गाडी येईपर्यंत किमान २७ सेकंद मिळतात. बूम रस्त्याची आत शिरायची बाजूच अडवतो, बाहेर पडायची मोकळी असते. आपल्याकडे दोन्ही बाजूंची वाहनं रस्ताभर पसरून समोरासमोर उभी राहतात. तिथे २७ सेकंदांत रूळ मोकळा होईल, असं आम्हाला वाटत नाही.

प्रश्न : हे कुलूप सगळ्याच फाटकांना असतं का?

उत्तर : नाही. इंटरलॉक नसलेल्या फाटकावर सगळी भिस्त फोनवर. स्टेशनमास्तर गाडीची खबर देतो, गेटमन फाटक लावतो आणि त्याची खूण म्हणून प्रायव्हेट नंबर, म्हणजे एक गुप्त आकडा, सांगतो. फाटक उघडं असताना नंबर दिला गेला, तर सिग्नलला ते कळत नाही. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ रेल्वेने शाळेच्या व्हॅनला धडक दिली, ते फाटक इंटरलॉक नसलेलंच होतं. त्यानंतर फाटक इंटरलॉक करण्यासाठीची किमान मर्यादा २०,००० टीव्हीयूवरून १०,००० वर आणली गेली. टीव्हीयू म्हणजे ढोबळमानाने दिवसभरातल्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. ४० गाड्या आणि ३०० वाहनं असतील तर १२,०००. असं फाटक पूर्वी या मर्यादेपर्यंत पोचत नव्हतं, आता पोचतं.