वाचकांचे प्रश्न : गोव्याला दोन दिवस, बीच नको

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत खानापूरहून दोन दिवस गोव्याला जायचं चाललंय. मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई, गाडी घरचीच. जो तो बीचच सांगतोय पण सासूबाईंना वाळूत चालायला होत नाही, गुडघे दुखतात, आणि मुलीला इतिहासाची लई आवड. पणजीत बघण्यासारखं काय आहे, एका दिवसात उरकेल काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, उरकू नका, दोन दिवस आहेत ते दोन्ही द्या की. आणि आधी पणजी नको, आधी जुनं गोवं. राजधानी तिथंच होती, मग साथीचे रोग आले, माणसं मेली, लोक गाव सोडून नदीकाठानं खाली पणजीला सरकले आणि 1843 साली राजधानी म्हणून पणजीचंच नाव लागलं, म्हणून याच क्रमानं बघितलं की मुलीला सगळं आपोआप कळतं.

जांबोटीवरनं चोर्ला घाटानं जावा, पण निघायच्या आधी रस्ता कसा आहे ते कुणाला तरी विचारून घ्या. वाटेत कणकुंबीला पाच मिनिटं थांबा. मलप्रभा तिथं उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते, आणि म्हादई आपल्याच तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावून पश्चिमेला जाते, तीच पुढं मांडवी. पणजीत जे पाणी बघणार ते आपल्या खानापूरचं, हे पोरांना मुद्दाम सांगा, मला स्वतःला तिथं उभं राहिलं की हेच आठवतं आणि ऊर भरून येतो.

जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्च, 1605 चं. सेंट झेवियरचं शव तिथं चांदीच्या पेटीत आहे, पण माझं सांगणं, आत जायच्या आधी बाहेरच्या भिंतीजवळ जाऊन उभं रहा. गिलावा काढून टाकलेला आहे त्यामुळं लाल चिरा उघडा दिसतो, भोकाभोकांचा, आपल्याकडच्या जुन्या घरांना असतो तसाच, आणि त्यात मध्येमध्ये काळ्या दगडाचं कोरीव काम, तो दगड थेट वसईहून आणलेला. समोर से कॅथेड्रल हे मोठं चर्च, तिथं सासूबाईंना बाकावर निवांत बसवा. दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 ला पडला तो परत बांधलाच नाही. जवळच आदिलशहाच्या वाड्याचा फक्त दरवाजा उरलाय, काळ्या दगडाचा, बाकी वाडा गेला. लोक फोटो पण न काढता पुढं जातात, वाईट वाटतं हो, कारण पोर्तुगीजांनी 1510 साली हे शहर आदिलशाहीकडनंच घेतलं आणि त्या आधीची खूण म्हणून तेवढंच समोर दिसतं. सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा चढावर आहे, तिथं मुलांना घेऊन तुम्ही दोघं जावा. त्याची घंटा लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी लागणार आहे.

रविवारी सकाळी नको, चर्चमध्ये मिस्सा म्हणजे प्रार्थना असते. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला.

दुसऱ्या दिवशी पणजी. पायऱ्यांवरचं ते पांढरं चर्च, काल बघितलेल्या मनोऱ्याची घंटा आता तिथं आहे. सासूबाईंनी खालनंच बघितलं तरी चालतंय. मग नदीकाठी जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा, 1756 ला कांदोळीत जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये संमोहनावर काम करत होता. संध्याकाळी बेतीची फेरीबोट पकडा, पाण्यावरनं पणजी बघायला मिळते आणि गुडघ्यांना त्रास नाही.

प्रश्न : सर, मी निपाणीहून बसनं एकटाच जातोय, पणजीच्या जुन्या वस्तीत, फोंताइन्हासमध्ये फोटो कुठं चांगले येतात? जेवायचं काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत. पिवळ्या-निळ्या भिंती सगळेच काढतात, तू खिडक्या बघ. काही जुन्या खिडक्यांना काचेच्या जागी शिंपल्याची तावदानं आहेत, पातळ घासलेली, त्यातनं ऊन दुधासारखं आत येतं. सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलातल्या क्रूसावर येशूचे डोळे उघडे आहेत, तो क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातनं आणलेला, तिथं जरा वेळ थांबच. आणि ही घरं म्हणजे सेट नव्हे, माणसं राहतात, कुणाच्या दारात उभा राहणार असशील तर आधी विचार. सकाळी सायकलवरनं पोदेर, म्हणजे पाववाला येतो, त्याच्याकडनं गरम पोई हा गोव्याचा पाव घे, दुपारी माशाची थाळी, आणि बस सुटायच्या आधी घरच्यांसाठी बेबिंका, थराथराची गोड मिठाई.