जिवाणूपासून माणसापर्यंत सगळ्यांमध्ये डीएनएची प्रत एकाच पद्धतीने तयार होते का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पाठ्यपुस्तकातली डीएनए प्रतिकृतीची ती एकच आकृती सगळ्या सजीवांना लागू पडते का, आणि पडत असेल तर जिवाणू २० मिनिटांत विभागतो तिथे आपल्या पेशीला नुसती डीएनएची प्रत काढायला ८ तास का लागतात?

आकृतीतला नियम सगळ्यांना लागू आहे, पण तो पाळणारी यंत्रं मात्र वेगवेगळी आहेत. जीवशास्त्रात मला याहून विलक्षण वाटणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियम तुम्हाला माहीत आहेच: दोन साखळ्या सुट्या होतात, प्रत्येक जुन्या साखळीसमोर नवी जोडीदार तयार होते, साखळीतल्या घटकांच्या जोड्या जुळवत: ए समोर टी आणि जी समोर सी. मेसेल्सन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये जिवाणूंना जड नायट्रोजनवर वाढवून हे दाखवून दिलं. वनस्पती आणि प्राण्यांच्या पेशींतही तेच आढळलं.

दुसरी समान गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. नवी साखळी विणणारं विकर, म्हणजे डीएनए पॉलिमरेज, साखळीच्या फक्त एकाच टोकाला (३' टोकाला) नवा घटक जोडू शकतं. डीएनएच्या दोन साखळ्या तर एकमेकींच्या उलट दिशेने धावतात. त्यामुळे एका बाजूला सलग विणकाम होतं आणि दुसऱ्या बाजूला मागे येऊन येऊन तुकडे जोडावे लागतात. हेच ओकाझाकी तुकडे. जपानच्या रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने १९६० च्या दशकात ते शोधले. जिवाणूंत एक तुकडा साधारण १००० ते २००० घटकांचा असतो, आपल्यात जेमतेम १०० ते २०० चा.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा उलट दिशेने विणणारं पॉलिमरेज निसर्गात का नाही? मला पटलेलं उत्तर असं. जोडणीला लागणारी ऊर्जा येणारा प्रत्येक घटक आपल्या तीन फॉस्फेटांच्या शेपटीत सोबत घेऊन येतो. चुकीचा घटक बसला तर पॉलिमरेज तो कापून टाकतं आणि पुढचा घटक स्वतःची ऊर्जा घेऊन हजर होतो. साखळी उलट बाजूने वाढत असती, तर ऊर्जा साखळीच्या टोकावर राहिली असती. चुकीचा घटक कापला की तीही गेली असती आणि काम तिथेच अडलं असतं. म्हणजे तुकडे जोडण्याचा त्रास ही चुका दुरुस्त करण्याच्या सोयीची किंमत आहे.

आता यंत्रांकडे येऊ. दुहेरी साखळी उलगडणारं हेलिकेज घ्या. जिवाणूंत आणि आपल्यात, दोन्हीकडे ते सहा भागांचं कडं असतं. पण जिवाणूंचं कडं तुकड्यातुकड्याने विणल्या जाणाऱ्या बाजूच्या जुन्या साखळीवर बसून पुढे सरकतं, आपलं सलग बाजूच्या साखळीवर. मुख्य पॉलिमरेजही दोन्हीकडे इतकी निराळी आहेत की त्यांच्यात नातं दिसत नाही. याउलट पॉलिमरेजला डीएनएवरून घसरू न देणारी अंगठी पाहा. जिवाणूंत ती दोन प्रथिनांची बनते, आपल्यात तीन प्रथिनांची, आणि तरी दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. इथे नातं स्पष्ट आहे.

आर्किया या एकपेशीय सूक्ष्मजीवांनी कोडं आणखी गुंतागुंतीचं केलं. केंद्रक नाही आणि गुणसूत्र गोल, म्हणून ते जिवाणूंसारखेच दिसतात. पण त्यांची प्रतिकृतीची प्रथिनं आपल्या प्रथिनांची साधी आवृत्ती वाटतात. म्हणूनच १९९९ मध्ये काही संशोधकांनी एक धाडसी कल्पना मांडली: आजच्या पद्धतीने डीएनएची प्रत काढणं जीवसृष्टीत दोनदा, स्वतंत्रपणे जन्माला आलं असावं. ते सिद्ध झालेलं नाही, पण पुरावे पाहता मला ते गांभीर्याने घेण्यासारखं वाटतं.

आता वेगाचा प्रश्न. ई. कोलाय जिवाणूत सुमारे ४६ लाख जोड्या असतात आणि सुरुवातीची जागा एकच. तिथून दोन्ही दिशांना सेकंदाला सुमारे १००० जोड्यांच्या वेगाने काम चालतं, म्हणजे पूर्ण प्रतीला ४० मिनिटं लागतात. मग २० मिनिटांत विभागणी कशी? पहिली प्रत पुरी व्हायच्या आत तिच्यावरच पुढची सुरू झालेली असते! भरपूर अन्न मिळालं की जिवाणूची पेशी जन्मतानाच आपल्या मुलींच्या डीएनएचं काम सुरू करून आलेली असते.

आपल्या पेशीत वेग सेकंदाला ५० च्या आसपास. आपल्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रात जवळजवळ २५ कोटी जोड्या आहेत. मधोमध एकाच जागी सुरुवात केली असती तर महिनाभर लागला असता. म्हणून एका पेशीत अशा हजारो जागांवर काम सुरू होतं. सगळ्या एकाच वेळी नाही, ठरावीक क्रमाने. ८ तास त्यामुळेच लागतात, आणि ते सक्तीचेही नाहीत. फळमाशीच्या कोवळ्या भ्रूणात कितीतरी जवळजवळच्या जागा एकदम सुरू होतात आणि सगळा डीएनए काही मिनिटांत दुप्पट होतो.

विषाणूंची तऱ्हा तर आणखी निराळी. कुणी गोल डीएनएवरून रिळासारखी साखळी सोडत जातो, तर ॲडिनोव्हायरससारखा कुणी आरएनएच्या प्रायमरऐवजी (विणकाम सुरू करून देणाऱ्या छोट्या तुकड्याऐवजी) प्रथिनालाच सुरुवातीचा आधार करतो.

वेगळं यंत्र पाहायला मात्र माणसाच्या पेशीबाहेर जायचीही गरज नाही. आपल्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियांमध्ये) १६,५६९ जोड्यांचा स्वतःचा छोटा गोल डीएनए असतो. तंतुकणिका मुळात जिवाणूंपासून आल्या, तेव्हा तिथे जिवाणूंचं यंत्र असेल असं वाटेल. तसं नाही, आणि केंद्रकातलंही नाही. तिथल्या हेलिकेजचं आणि पॉलिमरेजचं सर्वांत जवळचं नातं जुळतं ते टी-७ नावाच्या, जिवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूच्या विकरांशी.