तपकिरी रंगाला भुलू नका

तुम्ही विचारलंय की फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या लाकूड कुजवणाऱ्या बुरशीच्या कल्चरचं गाळलेलं पाणी छान तपकिरी आहे, तरी व्हेराट्रिल अल्कोहोलच्या चाचणीत (एन्झाइम त्याचं अल्डिहाइड करतं, तेच मोजतात) ३१० नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचा आकडा हलत नाही, मग लिग्निन पेरॉक्सिडेज, म्हणजे लाकडातलं लिग्निन तोडणारं एन्झाइम, आहे की नाही, आणि ते हीमचंच (लोह धरून ठेवणाऱ्या रंगीत गटाचं) आहे हे दाखवायचं कसं.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही असल्याच पाण्यावर खूश होऊन बसलो होतो. नुसतंच रंगद्रव्य निघालं. रंगावरून काही ठरत नाही.

आधी फ्लास्क बघा. ही बुरशी पोट भरलेलं असताना हे एन्झाइम बनवत नाही, माध्यमातला नायट्रोजन संपत आला की बनवते. शेकरवर ठेवलं असेल तर ट्वीन ८० (सौम्य डिटर्जंट) घातलंय ना? नाहीतर पसरट फ्लास्कमध्ये न हलवता वाढवा आणि ऑक्सिजन सोडा. गाळताना बुळबुळीत चिकटा येऊन फिल्टर बंद पडतो. पाणी एकदा गोठवून वितळवा आणि सेंट्रिफ्यूज करा, तो खाली बसतो.

मग हायड्रोजन पेरॉक्साइड, ज्याच्या जोरावर हे एन्झाइम चालतं. माझं घोडं इथेच अडलं होतं. जुनी बाटली, अंदाजे डोस. कमी पडलं तर क्रिया होत नाही, जास्त झालं तर एन्झाइम ‘कंपाउंड थ्री’ या निष्क्रिय अवस्थेत अडकून बसतं. द्रावण दरवेळी ताजं करा, २४० नॅनोमीटरला मोजा, आणि क्युव्हेटमध्ये सगळ्यात शेवटी घाला. बफर टार्ट्रेटचा, पीएच ३ च्या आसपास. पण साठवताना इतकं आम्ल नको, एन्झाइम मरतं.

हीमसाठी शुद्धीकरणाच्या कॉलमनंतरचा स्पेक्ट्रम घ्या. ४०८ च्या आसपास टोकदार सोरे पीक (हीमचं मुख्य शोषण) दिसायला हवं, ५०० आणि ६३० जवळ बारीक उंचवटे. प्रत्येक पायरीला ४०८ भागिले २८० (हीमचं शोषण भागिले एकूण प्रथिनांचं) हे गुणोत्तर वाढत गेलं तर शुद्धीकरण नीट चाललंय. पक्का पुरावा हवा तर अल्कलीत पिरिडीन आणि चिमूटभर डायथायोनाइट (लोहाचं क्षपण करणारं) घाला. द्रावण गुलाबीसर होतं आणि ५५७ ला पीक उभं राहतं, म्हणजे हीम बी, हीमचा एक प्रकार. हे फ्यूम हूडमध्येच करा, पिरिडीनचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत कपड्यांना राहतो.

एक गोम आहे. याच बुरशीचं मँगनीज पेरॉक्सिडेजही हीमचंच, पीकही जवळपास तिथेच. त्यामुळे हीम सापडलं म्हणून लगेच नाव लिहू नका. मँगनीज न घालता व्हेराट्रिल अल्कोहोलवर चालणारी फ्रॅक्शनंच (कॉलममधून निघालेले भाग) तेवढी वेगळी ठेवा.