खत राहू द्या, आधी झाड कुंडीतून उपसून बघा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात कालवलं. पांढऱ्या चिनीमातीच्या कुंड्या, मातीवर पांढरे गोटे, सोफ्यामागच्या कोपऱ्यात उंच स्टँड, दीड महिन्यात खालची पानं पिवळी पडून लिबलिबीत, आणि वर प्रश्न की आता कोणतं खत घालू? सहा वर्षांपूर्वी माझा हॉल हुबेहूब असाच होता, आणि प्रश्नही हाच होता.

खत घालू नका. मुळं सडत असतील तर त्यांना ते घेता येत नाही, उलट त्यातल्या क्षारांनी उरलीसुरली मुळंही जळतात. (मी वनस्पतीशास्त्र वगैरे शिकलेली नाही. जे सांगते ते स्वतःची झाडं मारून शिकलेलं आहे, तेव्हा त्या हिशेबानेच घ्या.)

ऊन, माती, किती दिवसांनी पाणी हे सगळं तुम्ही वाचलेलं दिसतंय, ते परत लिहीत नाही. मला एकच विचारायचंय: त्या कुंड्यांच्या बुडाला भोक आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘खाली ताटली लागत नाही, फरशी स्वच्छ राहते’ असं कौतुकाने लिहिलंय, त्यावरून नसावं.

माझ्याकडे अकरा झाडं होती, आणि एकाही कुंडीला भोक नव्हतं. घर सजवताना झाडांचं काम एका मंडळींना दिलं होतं, नाव घेत नाही. मी तेव्हाच विचारलं होतं, पाणी जाणार कुठून? उत्तर मिळालं, ‘तळाला दोन इंच खडी आहे, जादा पाणी तिथे उतरतं.’ ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पटलं मला. प्रत्यक्षात उलट होतं. भांडी घासायचा स्पंज ओला करून उभा धरा: वरचा भाग निथळतो, खालची कड चिंब राहते. आता तोच स्पंज खड्यांवर उभा करा. कड तरीही चिंबच. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, माती पुरती भरली की मगच उतरतं. म्हणजे खडीने चिखलाचा थर नाहीसा होत नाही, दोन इंच वर सरकतो, थेट मुळांपाशी. आणि उतरलेलं पाणी भोक नसल्यामुळे तिथेच सडत बसतं.

पण झाडं मेली ती त्याच्या पुढच्या चुकीने. महिन्याभरात पीस लिलीने मान टाकली. फोन केला. ‘पाणी कमी पडतंय, वाढवा.’ वाढवलं. आणखी मान टाकली. पुन्हा फोन, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फोटो पाठवला तर पातळ खताची बाटली पाठवली, बिलासकट. आता गंमत बघा, तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड लांबून सारखंच दिसतं. मातीतली हवा संपली की मुळं गुदमरतात, पाणी ओढायचं थांबतात, आणि भरल्या कुंडीत पानं सुकल्यासारखी लोंबतात. फरक फक्त मातीत कळतो, आणि माती तर गोट्यांखाली झाकलेली. निम्मा दोष त्यांचा, निम्मा माझा. दोन महिन्यांत मी एकदाही गोटे सारून बोट खुपसलं नाही.

शेवटी लिली उपसली. तुंबलेल्या मोरीचा वास आला. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरचं साल बाहीसारखं निघून हातात आलं आणि आत नुसता दोरा राहिला. झेडझेड प्लांट (जाड, चकचकीत पानांचं झाड) त्याचे जमिनीतले कंद दाबल्यावर फुटले. अकरातली तीन वाचली: दोन स्नेक प्लांट आणि एक मनी प्लांट, तोही वरची पेरं कापून पाण्यात ठेवल्यामुळे.

तर तुम्ही आज एवढंच करा. झाड बाहेर काढा. पांढरी, टणक मुळं ठेवा, तपकिरी-लिबलिबीत कात्रीने छाटा, कात्री मधेमधे पुसत राहा. नव्या मोकळ्या मातीत, खाली भोकं असलेल्या साध्या प्लास्टिकच्या कुंडीत लावा, आणि ती कुंडी तुमच्या त्या देखण्या कुंडीत नुसती ठेवा. पाणी घालायचं तेव्हा आतली कुंडी उचलून सिंकमध्ये न्या, भरपूर पाणी घाला, अर्धा तास निथळू द्या, मग परत. शोभा तीच राहते. उचलताना वजनही कळतं, हलकी लागली तरच पाणी. गोटे मात्र काढाच.

दुसरं, तो कोपरा. आपल्याला उजेड वाटतो कारण डोळे जुळवून घेतात. मोबाइलच्या लक्समीटरवर (उजेड मोजणारं ॲप) माझ्या सोफ्यामागे ८० लक्स आलं, खिडकीला लागून २,००० च्या वर. भर उन्हात बाहेर हाच आकडा लाखाच्या घरात जातो. ८० मध्ये झाड जेमतेम तग धरतं, पाणी फारसं पीत नाही, म्हणून तिथली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. कोपरा सजवायचाच असेल तर झेडझेड किंवा स्नेक प्लांट ठेवा, तेही महिन्यातून काही दिवस खिडकीशी नेऊन. फिडल लीफ फिग (मोठ्या, रुंद पानांचं ते उंच झाड) तिथे नको. मासिकातल्या फोटोपुरतं ते झाड चांगलं, असं माझं मत. कुणाचं छान वाढलं असेल तर मी भांडणार नाही.

आणि ‘हवा शुद्ध करणारी झाडं’ हे कार्ड माझ्याही कुंड्यांवर होतं. हा दावा नासाच्या १९८९ च्या ज्या प्रयोगावरून येतो, तो छोट्या बंद पेटीत झाला होता. २०१९ मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र तपासले तेव्हा घराच्या हवेत फरक पडायला जमिनीच्या दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील असं निघालं. तेवढी ठेवली तर सोफा बाहेर काढावा लागेल. झाडं दिसायला सुंदर असतात म्हणून ठेवा की!

घरात मांजर असेल तर पीस लिली, मनी प्लांट, डिफेनबाकिया उंचावर ठेवा. चावल्यावर तोंडाची आग होते, लाळ गळते.

मुळं बघितलीत की त्यांचा फोटो इथे टाका. पानांचा नको, त्यावरून मीही ‘पाणी वाढवा’ म्हणून बसेन.