हसण्यासारखं त्या चिठ्ठीत काही नाही

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलीच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलाय. डॉक्टरांनी सिल्डेनाफिल लिहून दिलं. औषधाच्या दुकानातला माणूस चिठ्ठी वाचून हसला आणि म्हणाला, ‘हे पुरुषांचं औषध आहे.’ तेव्हापासून गोळी द्यायला हात धजत नाही. – एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, त्या हसण्यानं एका आईचा हात थांबला, याचा मला फार राग आलाय. सिल्डेनाफिल पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरही देतात, म्हणून तो हसला; पण औषधावर कुठल्या अवयवाचं नाव कोरलेलं नसतं. ते ज्या एन्झाइमवर, म्हणजे पेशींतली रासायनिक कामं घडवणाऱ्या प्रथिनावर, चालतं ते शरीरात कुठं आहे, एवढंच बघायचं.

मी फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवायचे तेव्हा मटणवाल्याकडून बोकडाची महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, मागवून घ्यायचे. ती उभी चिरली की आतली बाजू ओलसर, चकचकीत दिसते. विद्यार्थ्यांना म्हणायचे, अंगठा फिरवून बघा. तो गुळगुळीतपणा म्हणजे जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की सशाच्या महाधमनीचं हे अस्तर घासून काढलं तर अॅसिटिलकोलिन या रसायनानं ती सैलावत नाही. म्हणजे ‘सैल हो’ हा निरोप अस्तरच देतं. अस्तरातून निघणारा तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू, हे पुढं कळलं. १९९८चं नोबेल या कामाला मिळालं.

हा वायू बनवणारी एन्झाइम्स ३ प्रकारची. एक या अस्तरात. एक जंतुसंसर्ग झाला की जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींत तयार होतं. तिसऱ्याला नाव मिळालं चेतापेशींवरून, पण ते तालमीतल्या पैलवानाच्या मांडीतही असतं! नावावर जाऊ नये ते यासाठीच.

वायू काही सेकंदांत विरतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूपेशीत शिरून सीजीएमपी नावाचा रेणू वाढवतो, आणि त्यानं वाहिनी सैल पडते. पीडीई-५ हे एन्झाइम तो रेणू मोडून टाकतं. सिल्डेनाफिल या मोडणाऱ्याला अडवतं. पीडीई-५ पुरुषाच्या जननेंद्रियात आहे, तसंच फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतही भरपूर आहे; मुलगा असो वा मुलगी. तुमच्या लेकीला औषध दिलंय ते या फुप्फुसांतल्या एन्झाइमसाठी. पीडीई-५चं भावंड पीडीई-६ डोळ्याच्या पडद्यात असतं, औषध त्यालाही थोडं अडवतं, म्हणून कधी कधी सगळं निळसर दिसतं. ती तसं म्हणाली तर डॉक्टरांना सांगा, पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका. अचानक थांबवली तर त्रास वाढू शकतो.

एक गोष्ट मात्र आजच करा. घरात कुणा वडीलधाऱ्यांची छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी असेल, तर ती वेगळ्या डब्यात, वेगळ्या कपाटात ठेवा. तीही शरीरात नायट्रिक ऑक्साइडच सोडते. दोन्ही एकाच्याच पोटात गेल्या तर रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो. मुलीच्या छातीत दुखलं तर ती गोळी तिला द्यायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, आजीलासुद्धा.