बी फॉर्म भरला, पण पाणी येते का?

जुलै जवळ आला की बी फॉर्म, म्हणजे इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायची वेळ येते आणि सोसायट्यांची आगीबद्दलची तीच पत्रे पुन्हा येतात. काही निवडक प्रश्न.

आग लागली तर १०१ लावायचा की ११२?
१०१, म्हणजे अग्निशमन दल. नाही लागला तर ११२. पत्ता, मजला, जवळची खूण आणि कोणी अडकले आहे का ते सांगा. पलीकडचा ठेवेपर्यंत फोन ठेवू नका.

कढईतले तेल पेटले, झाकण ठेवून विझवले. तरी कळवायचे का?
आग कढईतच राहिली असेल तर नको. गॅस बंद ठेवा, झाकण लगेच उचलू नका. गरम तेल पुन्हा भडकते. ज्वाळा चिमणीपर्यंत गेल्या असतील तर मात्र लगेच १०१. डक्टमधले, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीतले, चिकट तेल आत धुमसत राहते, बाहेरून दिसत नाही. ‘संध्याकाळपर्यंत बघू’ नको. शिवाय विम्याचा दावा करायचा तर दलाकडे नोंद लागते.

‘फायर ब्रिगेडकडून आलोय, आग विझवायचा सिलिंडर दरवर्षी नवा घ्यावा लागतो’ असे एक गृहस्थ सांगून गेले. खरे का?
खोटे. दल दारोदार सिलिंडर विकत नाही. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आणि सील शाबूत हवे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, तो वजनावरून तपासतात. दोन्हींची तपासणी परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्या.

रिफ्यूज एरियाला (आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबायच्या मोकळ्या जागेला) कुलूप लावले तर चालेल का? सामान चोरीला जाते.
कुलूप काढा. सामानही काढा.

एजंट म्हणतो, चाचणी नको, बी फॉर्म सहीशिक्क्यासह घरपोच देतो. घ्यावा का?
नाही. २००६ च्या राज्याच्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची, म्हणजे तुमच्या सोसायटीची. परवानाधारक एजन्सीने तपासून दिलेला बी फॉर्म वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, दलाकडे द्यायचा असतो. त्यातला ‘तपासून’ हा शब्द एजंटने गिळला आहे.

पंपरूममध्ये जा. पॅनेलवरचे स्विच ‘ऑटो’वर हवेत. पण कुठेतरी व्हॉल्व्ह गळतो, जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू-बंद होतो, तळमजल्यावरून आवाजाची तक्रार येते आणि वॉचमन स्विच ‘ऑफ’ करून मोकळा होतो. गळती तशीच. स्विच ‘ऑटो’वर आणून सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या हायड्रंटला (आगीसाठीच्या पाण्याच्या नळाला) होज, म्हणजे लवचिक पाइप, जोडा आणि व्हॉल्व्ह उघडा. दाब उतरताच आधी जॉकी, मग मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. मुख्य पंप बंद मात्र हातानेच करायचा. वर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो दाब मिळायला हवा. नुसती धार लागली म्हणजे पास नव्हे. होज बॉक्सही उघडा: पितळी नोझल बहुधा भंगारवाल्याकडे पोचलेले असते आणि होज घडीवर चिरलेला. डिझेल पंप असेल तर बॅटरी उतरलेली नाही ना, आणि टंचाईत आगीसाठी राखलेले पाणी नळाला सोडलेले नाही ना, हेही पाहा.

पाइप कोरडा निघाला तर जवानांना खालपासून जिन्याने होज चढवत न्यावा लागतो. तेवढा वेळ आग थांबत नाही.

चाचणीला सचिवांनी स्वतः उभे राहावे. एजन्सीचा परवाना आणि त्याची मुदत महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या यादीत पडताळा. शंका वाटली तर पैसे देण्याआधी जवळच्या अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्यांना विचारा, नंतर नव्हे.

घरात साप निघाला तर?
लांब राहा, वन विभागाची १९२६ मदतवाहिनी लावा. मांजात अडकलेल्या पक्ष्यासाठी १०१.