‘ढोंगी’ नको, मग काय? शहाजोग, संभावित की सोवळा

प्रश्न असा आलाय की एका अनुवादात ‘सेल्फ-रायचस’ला, म्हणजे आपणच काय ते नीतिमान असं समजणाऱ्याला, ‘ढोंगी’ लिहिलं तर चालेल का. मूळ वाक्यातला माणूस ऑफिसात रोज दुसऱ्यांच्या डब्यात डोकावून तुम्ही काय खाताय आणि ते कसं पाप आहे हे सांगत बसतो, स्वतः मात्र खरंच कट्टर शाकाहारी आहे.

नाही हो, ढोंगी नाही चालणार. ढोंग्याला आतून माहीत असतं की आपण नाटक करतोय आणि हा बाबा तर मनापासून स्वतःला चांगला समजतो, उलट खरा त्रास तोच आहे ना! त्यामुळे ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ पण इथे बसत नाही, कारण हा पाषाण कोरडा नाहीये, तो जे सांगतो ते करतो.

आता गंमत बघा, मराठीत या जातीच्या माणसासाठी जे शब्द आहेत ते बहुतेक सगळे मुळात कौतुकाचे होते. ‘शहाजोग’ घ्या. जुन्या सावकारीत हुंड्यांचे, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठ्यांचे, प्रकार असायचे, त्यातली शहाजोग हुंडी म्हणजे जिचे पैसे फक्त ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या भरवशाच्या व्यापाऱ्यालाच द्यायचे, कुणी पण ऐरागैरा घेऊन आला तर नाही. म्हणजे शहाजोग हा पत दाखवणारा शब्द! आणि आज आपण काय म्हणतो, ‘सगळं करून सवरून शहाजोगपणे विचारतोय, काय झालं म्हणून’. पत गेली आणि आव राहिला.

‘संभावित’चं तेच. गीतेच्या २ऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो, ‘संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते’, प्रतिष्ठित माणसाला अपकीर्ती मरणाहून वाईट. मराठीत ‘संभावित चोर’ म्हणजे सभ्य कपड्यातला चोर. ‘शिष्ट’ पण तसाच, शिष्य आणि शिष्ट एकाच धातूचे, शिकवलेला, सुसंस्कृत असा अर्थ, शिष्टाचार आणि शिष्टमंडळात तो अजून टिकून आहे पण ‘ती फार शिष्ट आहे’ म्हटलं की कोणी खूश होत नाही. (आमच्या आजीच्या तोंडी ‘साळसूद’ हा शब्द ज्याच्याबद्दल आला त्याचं काही खरं नसायचं.) मला वाटतं आपल्या लोकांना फार चांगुलपणाचा मुळातच संशय येतो, शब्द दोन-तीन पिढ्या वापरला की कडवट होतो.

पण यातले शहाजोग, संभावित, साळसूद हे तिघंही आव आणणारे आहेत आणि शिष्ट नुसता तोऱ्यात असतो, त्याला तुमच्या पापपुण्याशी घेणंदेणं नाही. तुमच्या वाक्याला मी ‘सोवळा’ घेईन. सोवळ्यातल्या माणसाला आपण शुद्ध आहोत याची खात्री असते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाकीचे सगळे त्याच्या लेखी ओवळे असतात, शिवू नको, लांब हो. हे दुसऱ्याला ओवळं ठरवणं बाकी कुठल्याच शब्दात नाही. काहींना तो शब्द जातीपातीच्या इतिहासामुळे खटकेल आणि ते बरोबरही आहे, पण मला तरी तो इतिहास इथे अडचण वाटत नाही, नेमका तोच वास हवाय, डब्यात डोकावणारा हा माणूस वेगळं काय करतोय?

फक्त नुसतं ‘तो सोवळा आहे’ लिहू नका. ‘राजकारणात कोणीच सोवळं नाही’ म्हणतो तेव्हा सोवळं म्हणजे खरोखर स्वच्छ, त्यामुळे वाचणारा गोंधळेल. क्रियापद जोडा, ‘खाण्यावरनं फार सोवळं मिरवतो’. झालं काम, एकदम बोलीतलं वाक्य.

पेपरवाले ‘नैतिक अहंगंड’ लिहितात, अर्थ बरोबर आहे पण डॉक्टरांच्या रिपोर्टसारखं वाटतं. लेख अगदीच भारदस्त असेल तर अजून एक सुचवतो, ‘पंडितंमन्य’ म्हणजे स्वतःला पंडित मानणारा, त्याच साच्यात ‘साधुंमन्य’ करता येईल. स्वतःला मानणं हे त्या ‘मन्य’मध्येच आलं, वेगळं सांगायला नको. संपादक पास करतील का ते मात्र तुमचं तुम्ही बघा, मी एकदा वापरला होता तर छापून ‘साधू मान्य’ आलं.